केसांतला खिळा

तमिळनाडू-केरळच्या सीमेवरचं वाळयार मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ताड दिसायला लागतात. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सह्याद्रीची रांग जवळजवळ सलग उभी आहे. तिला मोठं म्हणावं असं खिंडार पडलंय ते इथे, पालक्काडला. 30-40 किलोमीटर रुंद. त्यातून वारा आरपार जातो, आगगाडी जाते, कोइंबतूरचे पंप इकडे येतात आणि पालक्काडचा तांदूळ तिकडे जातो. खाली भातखाचरं आणि खाचरांच्या बांधांवर ओळीने ताड. आम्ही माडापोफळींतली माणसं. माड कसा, जरा कलतो, वाकतो, शेजारच्या विहिरीत डोकावतो. ताडाचं तसं नाही. काळा, सरळसोट, वर गच्च गोल डोकं आणि शेजारच्याशी काही देणंघेणं नाही.

या ताडांवर यक्षी राहतात, असं इकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. गाडी चालवता चालवता सतीशने त्यातली एक गोष्ट सांगितली. सतीश माझा आतेभाऊ, कोइंबतूरला पंपांच्या कारखान्यात असतो. आत्या पावसाळा संपल्यावर त्याच्याकडे राहायला गेली होती आणि मी तिला परत न्यायला गेले होते. गोष्ट त्याला कारखान्यातल्या कुणी पालक्काडच्याच माणसाने सांगितलेली.

दोन नंबुदिरी ब्राह्मण त्रिशूरच्या पूरमला, तिथल्या देवळाच्या उत्सवाला, निघाले होते. वाटेत रात्र पडली. माळावर दोन देखण्या बाया उभ्या. म्हणाल्या, पुढची वाट बरी नाही, आज रात्री आमच्याकडे थांबा, पहाटे निघा. जवळच त्यांचा वाडा होता, दिवे लागलेले, अंगण सारवलेलं. दोघांना दोन वेगळ्या खोल्या दिल्या. एकाच्या हातात देवीमाहात्म्याची पोथी होती आणि ती काही त्याने खाली ठेवली नाही. त्याची यक्षी दारातून म्हणत राहिली, ती पोथी ठेवा की बाजूला. तो ठेवीना. पहाट झाली तेव्हा वाडा नव्हता, खोली नव्हती, तो ताडाच्या शेंड्यावर बसलेला होता. शेजारच्या ताडाखाली त्याच्या सोबत्याचे केस आणि नखं पडली होती. बाकी काही नाही.

“नखं का ठेवली?” मी विचारलं.

“नखं कोण खातं?” सतीश म्हणाला.

आत्या मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं तिचा डोळा लागलाय. “त्या बाया का हिंडत होत्या रात्रीच्या, ते नाही वाटतं सांगितलं त्या माणसाने?” ती म्हणाली. सतीशने आरशातून तिच्याकडे पाहिलं. ते सांगितलं नव्हतं. अशा गोष्टींत ते सहसा सांगत नाहीत.

आम्ही निघालो होतो ते पालक्काडजवळच्या मलमपुळ्याला. तिथलं धरण 1955चं. केरळ राज्य तेव्हा व्हायचं होतं. पालक्काड मद्रास राज्याच्या मलबार जिल्ह्यात मोडत होतं, त्यामुळे उद्घाटनाला मद्रासचे मुख्यमंत्री कामराज आले होते. धरणाची भिंत जवळपास 2 किलोमीटर लांब आहे, तिच्यापलीकडे पाणी, पाण्यापलीकडे डोंगर आणि भिंतीच्या पायथ्याशी बाग. त्या काळी धरण बांधलं की खाली बाग करायचीच, कारंजी, फुलांचे ताटवे, संध्याकाळी रंगीत दिवे. इथे त्याशिवाय झुलते पूल आहेत, वरून जाणारा रोपवे आहे आणि चंदीगडच्या नेकचंदांनी फुटक्या फरश्या-बांगड्यांतून उभं केलेलं रॉक गार्डनही आहे. ते सगळं आम्ही पाहिलं, पण उरकल्यासारखंच. दारात मिठाच्या पाण्यात मुरवलेले आवळे आणि अननसाच्या फोडी बरण्यांत भरून ठेवलेल्या होत्या, तिथे मात्र आत्या रेंगाळली. आवळ्याची चव घेऊन तिने विक्रेत्याला मराठीत सांगितलं की मिरची अजून थोडी चालली असती. त्याने मान डोलावली. त्याला ते कळलं असावं असा तिचा समज आहे.

मग यक्षी.

ती बागेत कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. झाडांवरून आधी कोपर दिसतं. मग दुसरं कोपर. आणि मग एकदम सगळी बाई समोर येते. पाय पसरून बसलेली, उघडी, भरल्या अंगाची, छाती पुढे, मान मागे टाकलेली, दोन्ही हात वर नेऊन केसांत घातलेले, डोळे अर्धवट मिटलेले. 30 फूट उंच, सिमेंट-काँक्रीटची. आजकाल 182 मीटरचे पुतळे उभे राहतात, त्या हिशेबात 30 फूट म्हणजे किरकोळच. पण ते पुतळे उभे असतात आणि आपण त्यांना लांबूनच पाहतो. ही बसलेली आहे. अंगणात बाई बसावी तशी ऐसपैस, कुणी येईल-जाईल याची पर्वा नसलेली. मी तिच्या पायाशी जाऊन उभी राहिले. मान वर केली तर तिची हनुवटी खालून दिसत होती. तिच्या गुडघ्यावर एक साळुंकी बसली होती आणि तीही तिथे पुष्कळ दिवस येत असावी अशा थाटात.

सतीशने लगेच मोबाइल काढला आणि रोपवेची रांग किती असेल याची चौकशी मनावर घेतली. पन्नाशीचा माणूस, पण आई शेजारी आणि समोर ही. मी आत्याकडे पाहिलं. नऊवारीतून पाचवारीत आलेल्या पिढीची, चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आत्या हातातला आवळा तोंडात न टाकता वर बघत उभी होती.

“खांदे भरून आले असतील गं हिचे,” ती म्हणाली.

ही यक्षी घडवली कानायी कुंजिरामन यांनी. जन्म 1937चा, उत्तर केरळातल्या कासरगोडकडचे. मद्रासला के. सी. एस. पणिक्करांच्या हाताखाली शिकले, पुढे लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये गेले. तिथे रेग बटलर हे शिल्पकार शिकवायला होते. परत आल्यावर धरणाच्या बागेत काम मिळालं आणि 1969 मध्ये तिशी नुकतीच ओलांडलेल्या या माणसाने सरकारी बागेत एक उघडी यक्षी बसवली. पुढे तिरुवनंतपुरमजवळ शंखुमुखमच्या किनाऱ्यावर त्यांनी 87 फूट लांबीची सागरकन्यका केली, तीही आडवी, निवांत. या माणसाच्या बायकांना उभं राहण्याची घाई कधी नसते. मला हे त्यांचं फार आवडतं. आपल्याकडे पुतळा म्हटला की तो उभाच असतो किंवा घोड्यावर असतो.

विरोध झालाच. बायकामुलं जिथे फिरायला येतात तिथे असलं काय, ही तक्रार कुठल्याही गावात कुठल्याही काळात झाली असती. ती आता कुणी करत नाही. पण तक्रार नेमकी कशाबद्दल होती, हे मी तिथे उभी राहून मनात चाळत होते. कारण दक्षिणेतच, इथून फार लांब नाही, श्रवणबेळगोळला 57 फुटांचा बाहुबली हजारएक वर्षं दिगंबर उभा आहे. त्याच्या पायाशी ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ अशी अक्षरं आहेत. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांत त्यांची गणना होते आणि मराठी घेऊन बी.ए. झालेल्या प्रत्येकाने ती परीक्षेपुरती पाठ केलेली असतात. आमच्या शाळेची सहलही तिकडे गेली होती. मुली, मुलगे, बाई, सर, सगळे पायऱ्या चढून गेलो, वर पाहिलं, नमस्कार केला. नागडेपणाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. खालच्या आवाजात हसलंसुद्धा नाही कुणी, आणि आम्ही नववीत होतो.

बाहुबलीने देह सोडून दिलाय. तो इतका निश्चल उभा राहिलाय की त्याच्या मांड्यांवरून, दंडांवरून वेली चढल्यात. ज्याने देहाची वासना टाकली त्याने कपडे टाकले तर आपल्याला चालतं. हिने काहीच टाकलेलं नाही. ती आपल्या देहात आहे, पुरती आहे आणि तिथे तिला बरं वाटतंय. लोकांचा आक्षेप याला होता असं मला वाटतं. कपड्यांचं निमित्त.

यक्षीच्या गोष्टी केरळात गावोगाव आहेत आणि बहुतेकींचा साचा एकच. रात्रीची वाट, एकटा पुरुष, सप्तपर्णीचं झाड. या झाडाला शरदात फुलं येतात आणि त्यांचा वास रात्री असा काही पसरतो की डोकं उठतं. पुण्या-मुंबईतही आता रस्तोरस्ती हे झाड लावलंय आणि दिवाळीच्या सुमाराला त्याच्या वासाने खिडक्या लावून घेणारी माणसं मला माहीत आहेत. तर त्या वासातून पांढऱ्या वस्त्रातली बाई पुढे येते, केस मोकळे, गुडघ्यापर्यंत. म्हणते, विड्याला चुना आहे का थोडा? ज्याने चुना द्यायला हात पुढे केला तो संपला. शहाण्याने लोखंडाच्या टोकावर चुना ठेवून द्यावा, म्हणजे ती हात लावत नाही. यक्षीला लोखंडाचं भय.

लोखंडाची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट कडमट्टत्तु कत्तनारची. एर्नाकुळम जिल्ह्यातल्या कडमट्टम चर्चचा हा पाद्री, मंत्रतंत्र जाणणारा. एका यक्षीने वाटेवरच्या माणसांचा फार फडशा पाडला होता. कत्तनार तिच्या वाटेने गेला. तिने नेहमीप्रमाणे चुना मागितला. याने लोखंडी खिळा काढला आणि मंत्र म्हणून तिच्या टाळूत ठोकला. खिळा आत गेला आणि यक्षीची साधी बाई झाली. राग नाही, दात नाहीत, काही नाही. तिला घेऊन तो कायंकुळमला ओळखीतल्या एका म्हातारीकडे गेला आणि म्हणाला, ही कामाला ठेवा. झालं, यक्षी भांडी घासायला लागली.

मला या गोष्टीत पुढचा भाग फार थोर वाटतो. म्हातारीला बिचारीला काही माहीत नाही. ती पोरीच्या मायेने एक दिवस तिला पुढ्यात घेऊन बसते आणि तिचे केस विंचरायला घेते. एवढे केस, गुंता झालेला. फणी मध्येच अडते. म्हातारी बोटाने चाचपते, तर टाळूत खिळ्याचं डोकं. कुठल्याही म्हातारीने जे केलं असतं तेच ती करते, अगं बाई म्हणते आणि उपटून काढते. क्षणात पुढ्यातली मुलगी नाहीशी होते. पुढे कत्तनार केळीच्या पानावर बसून नदी ओलांडतो, तिला गाठतो, आणि पुन्हा त्रास न देण्याच्या कबुलीवर परुमलाच्या पनयन्नारकाव देवळात तिची जागा ठरते. ख्रिस्ती पाद्र्याने हिंदू देवळात यक्षीची सोय लावली, यात सांगणाऱ्यांना काही वावगं वाटलेलं नाही, हे केरळचं.

ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती, पण ती त्या यक्षीच्या पायाशी उभं असताना आठवली आणि मी पुन्हा वर पाहिलं. दोन्ही हात केसांत. बोटं टाळूकडे गेलेली. मान मागे, डोळे मिटत आलेले.

सगळे म्हणतात ती केस सावरतेय, शृंगाराची पोझ आहे. असेल. डोळ्यांत, ओठांत तेही आहेच, कानायींनी ते लपवलेलं नाही. पण मला तेव्हापासून ती दुसरंच काही करताना दिसते. ती चाचपतेय. तिला कुणी म्हातारी भेटली नाही, तेव्हा तिने स्वतःच हात वर नेला आणि टाळूतलं ते लोखंड तिच्या बोटांना लागलं. किंवा ते आत्ताच निघालंय आणि तो जो चेहरा आहे तो ठणका थांबल्याचा आहे. डोकेदुखीच्या बाईने अंबाडा सोडला की पहिल्या मिनिटाला तिचा चेहरा असाच होतो. शिल्पकाराच्या मनात यातलं काही होतं की नव्हतं, याच्याशी मला कर्तव्य नाही. गोष्ट त्याच्या मुलखातली आहे आणि हात केसांत त्यानेच घातलेत.

आणि गंमत म्हणजे, एवढी मूर्ती काँक्रीटमध्ये घडवायची तर आत सळ्या लागतात. सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर थरावर थर, ओला आहे तोवर हात फिरवायचा, वाळला की काही करता येत नाही. म्हणजे जिला बोटभर खिळ्याने भांडी घासायला बसवलं, तिच्या हाडांच्या जागी इथे लोखंडच घातलंय आणि तिचं काही बिघडलेलं नाही. पचवलंय तिने ते.

मी आत्याला कत्तनारची गोष्ट सांगितली. सतीश रोपवेकडे गेला होता. आम्ही दोघी एका बाकावर टेकलो होतो आणि आत्या पदराने वारा घेत होती. खिळ्याशी आले तेव्हा तिचा हात थांबला.

“आपल्या माजघरात होता की खिळा,” ती म्हणाली.

तो खिळा मी पाहिलेला आहे. पाहिलेला म्हणजे, पायाला लागलेला आहे. आमच्या गावच्या घरात, रत्नागिरीपासून आत, माजघराच्या दाराला फणसाच्या लाकडाचा जुना उंबरा आहे. त्याच्या मधोमध, जरा डावीकडे, एक खिळा ठोकलेला आहे. लोहाराने घडवलेला, चौकोनी अंगाचा, डोकं रुपयाएवढं. इतक्या पायांनी तुडवलाय की लाकूड त्याच्याभोवती झिजून खाली गेलंय आणि डोकं वर आलंय, गुळगुळीत, काळं आणि चकचकीत. सुट्टीत गेलो की पहिल्या दिवशी कुणाच्या तरी अंगठ्याला तो लागायचाच. तो काढून का टाकत नाहीत, असं आम्ही विचारायचो आणि आजी म्हणायची, राहू दे. मला वाटायचं लाकूड फुटू नये म्हणून मारलेला असेल.

बाळंतीण दहा दिवसांच्या आत गेली तर तिची अळवंत होते, अशी आमच्याकडे समजूत. ती बाळासाठी परत येते. मग ती येऊ नये म्हणून तजवीज करतात. तिला नेताना मागे वाटेवर राळे टाकत जायचं. अळवंत रात्री घराकडे निघाली तरी वाटेवरचा दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही. वेचता वेचता पहाट होते आणि परत फिरावं लागतं. आणि उंबऱ्यात खिळा ठोकायचा.

“थोरली काकी,” आत्या म्हणाली. “माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. पहिलटकरीण. गेली आठव्या दिवशी. मूलही पुढे राहिलं नाही. काकांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. नानाची आई ती दुसरी.”

“तुला कुणी सांगितलं?”

“आईने. तेही सहज नव्हे. मी तुझ्या सतीशदादाच्या वेळी माहेरी गेले होते ना बाळंतपणाला, तेव्हा मला त्या दारातून जाऊ देईना. मागल्या पडवीतून आत घ्यायची. मी चिडले, तेव्हा सांगितलं.” थोडं थांबून ती म्हणाली, “आई म्हणायची, राळे मीच टाकले होते मुठीने. नवीन सून होते, थोरल्या जावेच्या हाताखाली सगळं शिकले होते, आणि तिच्याच मागे राळे टाकत गेले.”

मी काही बोलले नाही. माझी आजी प्रेमळ बाई होती. भिकाऱ्याला शिळं द्यायची नाही, ताजं वाढायची. तिने ते राळे टाकले यात मला तिचा दुष्टपणा दिसत नाही, भीतीही फारशी दिसत नाही. घरात कुणी गेलं की करायच्या असतात त्या शंभर गोष्टींतली ती एक. पण एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, जिची चूक एवढीच की ती मेली, ती आपल्या बाळाकडे परत येईल ही कल्पना अख्ख्या घराला इतकी असह्य व्हावी की त्यांनी लोहाराकडून खिळा करून आणावा! तिला थांबवायचं होतं की स्वतःच्या मनातलं काही बंद करायचं होतं? वर्षाच्या आत दुसरं लग्न व्हायचं होतं. त्या उंबऱ्यावरून नवी सून यायची होती.

“नाव काय होतं तिचं?” मी विचारलं.

आत्याने विचार केला. “थोरली काकीच म्हणायचे सगळे,” ती म्हणाली.

शाळेची सहल आली तेव्हा आम्ही अजून तिथेच होतो. सातवी-आठवीतल्या मुली, दोन वेण्या, रिबिनी वर बांधलेल्या. मुलग्यांचा एक घोळका आधीच येऊन गेला होता. त्यांनी यक्षीच्या अंगाला लांबूनच बोट लावल्यासारखे फोटो काढले होते, जे सगळीकडचे मुलगे काढतात. एक पहारेकरी शिट्टी वाजवून त्यांना पुढे पिटाळत होता. मुलींनी आधी मान खाली घातली. मग एकीने वर पाहिलं. मग हळूच त्या यक्षीच्या पुढ्यात हिरवळीवर बसल्या, पाय पसरून, हात केसांत, मान मागे. सगळ्या एका ओळीत, खिदळत. एकीला मान मागे टाकून डोळे मिटणं जमेना, तिला आतून हसू फुटत होतं. बाईंनी ओरडायला तोंड उघडलं असावं, पण पुढे काही न म्हणता त्यांनी पर्समधून मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

केरळात लोककथेतली, पुराणातली मोठी शिल्पं आणखीही आहेत. कोल्लम जिल्ह्यात चडयमंगलमच्या डोंगरावर 200 फूट लांबीचा जटायू आहे, राजीव अंचल यांनी केलेला. 2018 पासून लोकांना खुला झाला. रावणाशी झुंजताना जटायू त्याच खडकावर कोसळला अशी तिथली श्रद्धा, आणि स्त्रीच्या सुरक्षिततेला व सन्मानाला तो शिल्पप्रकल्प वाहिलेला आहे. चांगलंच आहे. भव्य आहे, वर केबल कारने जाता येतं. पण त्या गोष्टीत बाई पळवली जाते आणि तिच्यासाठी कुणीतरी प्राण देतं. अशा बाईच्या बाजूने उभं राहायला अवघड नसतं. यक्षीच्या बाजूने कुणी नाही. ती पळवली गेलेली नाही, तिला कुणापासून वाचवायचं नाही. उलट वाटसरूंनाच तिच्यापासून वाचवायचंय. तिच्यावर पंख पसरणारा पक्षी नाही. तिला मिळाला तो एक सिमेंटात काम करणारा माणूस आणि पाटबंधाऱ्याची बाग.

आता तिच्याभोवती पोरं आइस्क्रीम खातात, हा तिचा विजय की लोकांची नजर मेली, यावर मी आणि सतीश परतीच्या वाटेवर बराच वेळ वाद घालत होतो. त्याचं म्हणणं, कुणाला त्यातलं काही कळत नाही, सेल्फी काढतात आणि जातात. मला ते पटत नाही. यक्षीच्या गोष्टीतली भीती सगळी एकटेपणाची आहे: रात्र, माळ, एकटा वाटसरू, एकटी बाई. कानायींनी तिला भर दुपारी आणून पोराबाळांत बसवली. तिथे ती कुणाकडे चुना मागत नाही. मुळात ती आपल्याकडे बघतच नाही, आणि जिचं आपल्याला भय वाटत होतं तिने आपल्याकडे बघूसुद्धा नये, हे पचवायला जरा जडच जातं. पहिल्यांदा विरोध करणाऱ्यांना तेही खुपलं असणार.

आत्या आमच्या वादात नव्हती. वाळयारच्या अलीकडे सतीशने चहाला गाडी थांबवली तेव्हा तिने माझ्याकडून मोबाइल मागून घेतला आणि गावी नानांना फोन लावायला सांगितलं. नाना म्हणजे तिचे चुलतभाऊ, त्या दुसऱ्या काकीचे चिरंजीव, आता ऐंशीच्या पुढे. गावचं घर तेच बघतात. खिंडीतला वारा एवढा होता की मोबाइल स्पीकरवर टाकूनही तिला ओरडून बोलावं लागलं.

“नाना, थोरल्या काकीचं नाव काय रे होतं?”

“कुठल्या काकीचं?”

“तुझ्या आईच्या आधीच्या.”

बराच वेळ नुसता वारा. मग नाना म्हणाले, “हे तुला आज केरळात कुठून आठवलं?”

“कुलवृत्तांत काढ,” आत्या म्हणाली. “वरच्या फळीवर आहे, देवघरातल्या कपाटात. काकांचं पान बघ.”

नाना उठले, कपाट उघडल्याचा आवाज आला, पानं चाळल्याचा आला. ते मोठ्याने वाचू लागले, जन्म शके अमुक, शिक्षण, शेती, बागायत, किती कलमं. मग त्यांच्या आईचं नाव, माहेरचं नाव, वडिलांचं नाव, गाव. मग मुलं.

“त्याच्या आधी काय आहे?”

“‘प्रथम पत्नी, लांज्याकडील, निवर्तली.’ एवढंच आहे.”

“एवढंच?”

“एवढंच छापलंय.”

चहावाल्याने ग्लास पुढे केले होते, आत्याचं तिकडे लक्ष नव्हतं. “लांज्याकडचे म्हणजे कोण ते तुला ठाऊक असेल,” ती म्हणाली. “त्यांच्यातलं कुणीतरी असेल अजून. शोध जरा. भावाबहिणींची नातवंडं असतील. त्यांच्याकडे नाव असणारच, मुलगी होती त्यांची.”

“अगं, पण आता काय करायचंय त्याचं?”

“छापायचंय. पुढची आवृत्ती निघते आहे म्हणालास ना गणपतीत? आणि नाना, मी पुढच्या महिन्यात येत्येय. सुताराला सांगून ठेव. उंबऱ्यातला तो खिळा काढायचाय, पायाला लागतो.”

“तो काढता येत नाही, लाकूड फुटेल.”

“फुटू दे,” आत्या म्हणाली, आणि चहाचा ग्लास हातात घेतला.